लिलावात घेतलेला लष्करी ट्रक घरी आणताना

‘इंजिन सुरू होते’ असं लिलावाच्या पानावर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की तपासणीच्या दिवशी कुणीतरी बाहेरून बॅटरी लावून ते सुरू करून बघितलं होतं. तुम्ही घ्यायला जाता तोवर मधे दोन-तीन महिने गेलेले असतात. बॅटऱ्या काढून नेलेल्या असतात, एका टायरची हवा गेलेली असते, आणि स्टिअरिंगला साखळी घालून लावलेल्या कुलपाची किल्ली कुणाकडेच नसते. अमेरिकेच्या लष्करी ट्रकांना गाडी सुरू करायची किल्लीच नसते, म्हणून ही साखळी.

मी टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ राहतो. आतापर्यंत असे दोन ट्रक आणले, दोन्ही एम९२३ए२, दोन्ही टेक्सारकानाजवळच्या रेड रिव्हर आर्मी डेपोतून. पहिला माझा, तो चालवत आणला. दुसरा मित्राच्या रँचसाठी, तो ट्रेलरवर घालून आणला. सगळा हिशोब मांडला तर दुसरा स्वस्त पडला. ट्रक आणायचा कसा हे बोली लावायच्या आधी ठरवा, गाडी जिंकल्यावर नाही, एवढं जरी या लेखातून कुणी घेतलं तरी माझे नाकोग्डोचेस गावच्या मोटेलमध्ये अडकून काढलेले दोन दिवस सत्कारणी लागले म्हणायचे. बोलीची रक्कम म्हणजे कोंबडी. मसाल्याचा खर्च पुढे आहे.

आधी गाडी ओळखा

एम९२३ए२ हा ‘फाइव्ह टन’ म्हणून ओळखला जाणारा सहाचाकी ट्रक, सहाही चाकांना जोर असलेला. कमिन्सचं ८.३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ॲलिसनचा पाच गियरचा ऑटोमॅटिक बॉक्स, पूर्ण एअर ब्रेक, आणि डॅशबोर्डवरून चाकांची हवा कमी-जास्त करायची सोय. रिकाम्या गाडीचं वजन सुमारे २१,००० पौंड, म्हणजे साडेनऊ टन. लांबी २६ फुटांच्या आसपास, रुंदी आठ फुटांच्या थोडी वर, ताडपत्रीचा हूड लावलेला असेल तर उंची १० फूट. ही मापं लक्षात ठेवा, ट्रेलर ठरवताना सगळा खेळ त्यांचाच आहे.

याच्याआधीच्या पिढीतला एम३५ए२, लाडाचं नाव ‘ड्यूस अँड अ हाफ’, हलका आणि सोपा आहे. पण त्याच्या ब्रेकमध्ये ऑइल आणि हवा दोन्ही, आणि ऑइलचं सर्किट एकच. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. नंतरचे एम१०७८ वगैरे ट्रक कॅबपुढे नाक नसलेले, आरामशीर, पण इलेक्ट्रॉनिक्सचं जंजाळ जास्त. घरी पाना-पक्कड घेऊन बसणाऱ्याला मधला एम९२३ए२ बरा, असं माझं मत. फक्त हे माहीत असू द्या: या मालिकेच्या ट्रकांचे ब्रेक ओल्या रस्त्यावर लॉक होऊन गाड्या घसरायच्या, म्हणून १९९०च्या दशकाच्या शेवटी लष्कराने त्यांना ताशी ४० मैलांची मर्यादा घातली होती आणि मग एबीएस, म्हणजे ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बसवायला घेतलं. तुमच्या गाडीला ते बसवलेलं आहे का, हे फोटोंत शोधा.

कागद आधी, गाडी नंतर

लष्कराला नको असलेला माल डीएलए (डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी) नावाच्या खात्याकडे जातो, आणि त्यातली चाकांवरची वाहनं बहुतेक गव्हप्लॅनेट या साइटवर लिलावाला येतात. बोलीवर खरेदीदाराचं शुल्क आणि विक्रीकर वेगळा. पैसे भरायची आणि गाडी उचलायची मुदत प्रत्येक लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या त्या मालाच्या, पानावर असते. ती टळली की जागेचं भाडं चढायला लागतं, आणि फार टळली तर गाडीही जाते आणि पैसेही.

बऱ्याच ट्रकांना एंड-यूज सर्टिफिकेट लागतं. तुम्ही कोण, गाडीचं काय करणार, हे सरकारला लिहून द्यायचं. अर्जात नागरिकत्वही विचारतात, तिथे खरं ते लिहा. मंजुरीला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि ती येईपर्यंत गाडीला हात लावता येत नाही. त्यामुळे ट्रेलरवाल्याला आगाऊ तारीख देऊन बसू नका. मी दिली होती, रद्द केल्याचे पैसे गेले. याच कागदावर तुम्ही परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर पाठवणार नाही, हेही कबूल करता. ‘कंटेनरमध्ये घालून गावाला पाठवू, शेतावर उभा करू’ असं मला तिघांनी तरी सुचवलं. ते विसरा.

दुसरा महत्त्वाचा कागद एसएफ-९७. नावावर करायला लागणारं सरकारी प्रमाणपत्र हेच. ते गाडीबरोबर हातात मिळत नाही, उचलल्यानंतर टपालाने येतं, आणि निवांत येतं. काही लॉटना हा कागद मिळतच नाही, नुसती विक्रीची पावती मिळते. काहींवर ‘फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी’ असा शिक्का असतो. रस्त्यावर चालवायचा असेल तर बोलीच्या आधी ही एक ओळ पानावर शोधा. ती न वाचता घेतलेला ट्रक शोभेसाठी फार महाग पडतो.

भारतात हेच करायचं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे लष्कराचा टाकाऊ माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात येतो. तुमची बोली सर्वांत मोठी ठरली तरी बऱ्याचदा ती ‘मंजुरीच्या अधीन’ असते, म्हणजे गाडी अजून तुमची नाही. शिवाय १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, ती भंगार केंद्रात जातात. संरक्षणाच्या खास वाहनांना त्यात सूट आहे, पण लॉट ‘वाहन’ म्हणून विकलाय की ‘भंगार’ म्हणून, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. भंगार म्हणून घेतलेल्याची पुन्हा नोंदणी होत नाही.

ट्रेलर की चाक?

साध्या फ्लॅटबेड, म्हणजे सपाट ट्रेलरची फळी जमिनीपासून पाच फूट वर असते. त्यावर दहा फुटी ट्रक म्हणजे पंधरा फूट. उंचीची मर्यादा बहुतेक राज्यांत साडेतेरा फूट, टेक्सासमध्ये १४. म्हणजे फ्लॅटबेड बाद. स्टेप-डेक म्हणजे दोन पातळ्यांचा ट्रेलर, त्याचा खालचा भाग साधारण साडेतीन फुटांवर असतो, त्यावर हिशोब जेमतेम साडेतेराला टेकतो. लोबॉय नावाच्या बुटक्या ट्रेलरची फळी त्याहून बरीच खाली, तिथे प्रश्नच मिटला.

स्टेप-डेक स्वस्त असतो, म्हणून मोह होतो. तो करायचाच तर हूड आणि त्याच्या कमानी काढून मागच्या हौद्यात बांधा आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडा. या ट्रकची काच पडते, त्यासाठीच तशी केलेली आहे. एवढं केलं की दोनेक फूट वाचतात. मात्र धुराड्याचा उभा पाइप लोक विसरतात. तोही टेप लावून मापा. हूड तसाही काढायचाच, सत्तर मैलांच्या वाऱ्यात जुनी ताडपत्री चिंध्या होऊन पोचते.

ट्रेलरवाल्याशी बोलताना ‘आर्मी ट्रक’ एवढंच सांगू नका. वजन, लांबी, रुंदी, उंची सांगा आणि एक प्रश्न विचारा: गाडी सुरू झाली नाही, ब्रेक सुटले नाहीत, तर तुमच्याकडे विंच (तारेने ओढायचं यंत्र) आहे का, आणि साडेनऊ टन ओढेल का? ‘बघू तिथे गेल्यावर’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

चालवत आणायची परिस्थिती मला एकच दिसते. अंतर शंभर मैलांच्या आत असावं, टायर नवे असावेत, नंबर प्लेटची आणि विम्याची सोय झालेली असावी, आणि मागे दुसऱ्या गाडीत अवजारांसकट माणूस असावा. यातलं एक जरी नसेल तर ट्रेलर. लायसनचाही प्रश्न आहे. भरलेल्या गाडीचं कमाल वजन २६,००१ पौंडांपासून वर असलं की व्यावसायिक लायसनची पायरी सुरू होते. खासगी वापराला आणि शेतीला बऱ्याच राज्यांत सूट आहे, पण काही राज्यं अशा गाडीला खासगी वापरासाठीही वेगळा वर्ग मागतात. तुमच्या राज्याचं पुस्तक उघडून बघा, शेजाऱ्याचं ऐकू नका.

सोबत काय न्यायचं

माझे बाबा एसटीतून निवृत्त झालेले. पहिल्या ट्रकच्या वेळी ते सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. सामानाची यादी त्यांनीच केली आणि तिच्यात सगळ्यात वर लिहिलं, ‘लाकडी ठोकळे चार, मोठे.’ मला वाटलं पाना, जॅक, बॅटरी असं काही येईल. ‘अरे, गाडी सुरू नाही झाली तर माणूस वैतागतो. नको तेव्हा चालू लागली तर माणूस जातो,’ इतकंच म्हणाले.

ठोकळ्यांनंतर विजेचं. या गाड्या २४ व्होल्टच्या. बारा-बाराच्या दोन ताज्या ट्रक-बॅटऱ्या आणि त्या एकापाठोपाठ एक जोडायची जाड केबल न्या. आपल्या कारला केबल लावून सुरू करायला जाऊ नका, तो बारा व्होल्टचा मामला आहे. ट्रकला बाहेरून वीज द्यायचं दोन खुंट्यांचं जाड सॉकेट असतं. त्यात बसणारी लष्करी केबल असलेला दुसरा ट्रक जवळ असला तरच ते कामाचं.

मग डिझेल. दहा गॅलन ताजं, स्वच्छ कॅनमधून. टाकीतलं डिझेल किती वर्षांचं आहे देव जाणे. सोबत दोन हाताच्या लांबीचे होस पाइप घ्या, एक इंजिनाला डिझेल द्यायला आणि दुसरा परतीचा. परतीचा पाइप लोक विसरतात. मग कॅनमधलं चांगलं डिझेल इंजिनातून फिरून जुन्या टाकीत जाऊन पडतं आणि दहा गॅलन बघता बघता संपतं. फिल्टरही एक जास्तीचा ठेवा.

हवेसाठी छोटा कॉम्प्रेसर आणि ट्रकच्या एअर लाइनला बसणारा जोड. कुलपासाठी मोठी कात्री. इंजिन ऑइल १५डब्ल्यू४०, कूलंट, पाणी. पाने मोठ्या मापाचे, आणि पान्यावर चढवायला चार फुटी पाइप. जुन्या लष्करी ट्रकांवर डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, स्टडवर ‘एल’ अक्षर कोरलेलं असतं. ते न बघता पाइप लावून जोर काढला तर स्टड तुटतो.

गेटवर

डेपो म्हणजे लष्करी हद्द. वेळ आधी ठरवलेली लागते, आणि ठरल्या वेळी न पोचल्यास दुसरा दिवस. रिअल-आयडी (केंद्र सरकारच्या निकषांचं) लायसन किंवा पासपोर्ट, पैसे भरल्याची पावती, गाडी सोडायचं पत्र, यांच्या कागदी प्रती. मोबाइलमधली पीडीएफ दाखवताना बॅटरी संपलेला माणूस मी पाहिलाय. ट्रेलरवाला तुमच्या वतीने उचलणार असेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र आधीच पाठवा. आत पुढे पोलाद असलेले बूट आणि चमकदार जाकीट लागतं. फोटो काढायचे तर आधी विचारा. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक: गाडीच्या खणात पिस्तूल असेल तर ते घरी ठेवून निघा. गेटवर आठवण होऊन उपयोग नाही.

बाबा पर्यटक म्हणून आलेले, परदेशी नागरिक. त्यांना आत सोडलं नाही. ते हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर कॉफी घेऊन बसले आणि मी आतून फोनवर विचारत राहिलो.

मोठा मुद्दा हा, की बऱ्याच ठिकाणी आत दुरुस्ती करूच देत नाहीत. बॅटरी लावणं, हवा भरणं इथवर चालतं, कुठे तेही नाही. गाडी चढवायला त्यांचं फोर्कलिफ्ट मिळेल की सगळी जबाबदारी तुमची, हे लॉटच्या पानावर असतं. ‘जबाबदारी खरेदीदाराची’ असं असेल आणि दुरुस्तीला बंदी असेल, तर विंचवाला ट्रेलर हा एकच रस्ता उरतो.

गाडीपाशी पोचल्यावर

पहिलं काम नंबर जुळवणं. डॅशबोर्डवरच्या पट्टीवरचा आणि चेसिसवर ठोकलेला नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा बोट लावून वाचा. एक आकडा चुकलेला एसएफ-९७ परत पाठवून दुरुस्त करून घ्यायला महिने जातात, आणि डेपोत एकाच रंगाचे, एकाच बनावटीचे चाळीस ट्रक ओळीने उभे असतात. दुसऱ्याचा ट्रक चढवून नेणं ही थट्टेची गोष्ट नाही.

मग टायर. बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३०८ म्हणजे २००८चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसते, कारण गाडी चाललेलीच नसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. बाजूच्या भेगांत नख शिरत असेल तर तो टायर फक्त ट्रेलरवर चढण्यापुरता. पूर्ण बसलेल्या टायरमध्ये हवा भरताना समोर उभं राहू नका, लांब होस लावून बाजूला थांबा. या रिम्स अनेक भागांच्या असतात, त्यांचे नट-बोल्ट रस्त्याकडेला सोडायचे नाहीत. चाक काढायचं तर ट्रकच्या टायरवाल्याला बोलवा. एकेक चाक दीडशे किलोंच्या पुढे आहे.

ऑइलची पट्टी काढा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, इंजिन सुरू करू नका, चढवा आणि घरी जाऊन बघा. ऑइल बरं असेल, रेडिएटरमध्ये पाणी असेल, पट्ट्याला तडे नसतील, तर मग सुरू करायचा क्रम असा:

१. चारही ठोकळे चाकांना लावा. गियर न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला.

२. फिल्टरखालचा नळ सोडून तळाचं पाणी आणि गाळ काढा. टाकीतलं डिझेल काळं किंवा आंबूस वासाचं असेल तर कॅन आणि दोन होस लावा.

३. डिझेलच्या लाइनने एअर धरली असेल तर लिफ्ट पंपाच्या (डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) हातपंपाने मारत राहा, हाताला जोर लागेपर्यंत.

४. बॅटऱ्या एकापाठोपाठ एक जोडा, आधी धन, शेवटी चेसिसचा ऋण. मेन स्विच चालू.

५. स्टार्टर पंधरा सेकंदांहून जास्त धरू नका. मधे दोन मिनिटं थांबा. स्टार्टर जळला तर तिथे मिळत नाही.

६. ऑइलचा काटा लगेच वर आला नाही तर बंद करा.

इंजिन लागलं की आनंदाने गाडी हलवायला जाल, ती हलणार नाही. मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक हवेनेच सुटतात. हवेचा दाब साठ पीएसआयच्या वर गेल्याशिवाय इशाऱ्याचा भोंगा थांबत नाही आणि ब्रेक सुटत नाहीत. काटा १२०च्या आसपास जाऊन थांबेपर्यंत वाट बघा. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि मिनिटभर काट्याकडे बघा. तीन पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी घेऊन खाली जा, ठोकळे लावलेलेच असू द्या.

दिवे लागत नाहीत म्हणून मी अर्धा तास फ्यूज शोधत होतो. लष्करी दिव्यांच्या स्विचला तीन दांड्या असतात. मुख्य दांडी नेहमीच्या दिव्यांच्या खाचेत जाण्यासाठी अनलॉकची छोटी दांडी धरून ठेवावी लागते, नाहीतर ती ब्लॅकआउटच्या बाजूलाच फिरते. अंधारात चुकून हेडलाइट लागून शत्रूला दिसू नये म्हणून ही सोय. ब्लॅकआउटमध्ये ठेवून रस्त्यावर निघालात तर मागच्याला तुमचे ब्रेकलाइट दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा.

इंजिन लागलंच नाही तर

आता हवा बाहेरून आणायची. पुढच्या बंपरवर दोन एअरच्या जोडण्या आहेत, त्यातल्या इमर्जन्सी लाइनला कॉम्प्रेसर लावून टाक्या भरता येतात. छोट्या कॉम्प्रेसरला वेळ लागतो, चहा होतो. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकची एअर लाइन दिली तर पाच-दहा मिनिटांत काम होतं.

हवा धरतच नसेल तर स्प्रिंग ब्रेक हाताने सोडायचा. प्रत्येक स्प्रिंग चेंबरच्या अंगावर एक लांब बोल्ट अडकवलेला असतो. मागची रबरी टोपी काढून तो आत घालायचा, पाव वळसा देऊन अडकवायचा, आणि नट आवळत स्प्रिंग दाबून घ्यायची. चेंबरची कडी मात्र कधीही उघडायची नाही. आत दाबून बसवलेली स्प्रिंग आहे, ती सुटली तर माणूस मारते. सगळे बोल्ट आवळले की गाडीला ब्रेक नावाची वस्तू उरलेली नाही. पाय ब्रेकला हवा नाही, हातब्रेकवर भरवसा नाही. त्या क्षणी तिला थांबवून धरणारे फक्त ठोकळे आणि विंचची तार.

आणि टोचन करून ओढत नेऊ म्हणाल तर नको. इंजिन बंद असताना चाकं फिरली की शाफ्टमधून बॉक्स फिरतो, पण त्याला ऑइल पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. कोरडा फिरलेला ॲलिसन काही मैलांतच जातो. अगदीच ओढायचं असेल तर ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीतून) पुढे आणि मागे जाणारे दोन्ही शाफ्ट काढा. क्रॉसचे बोल्ट पिशवीत घालून पिशवी कॅबमध्ये बांधून ठेवा, हौद्यात टाकू नका.

ट्रेलरवर बांधताना

दहा हजार पौंडांवरच्या वाहनाला किमान चार ठिकाणी बांधायचा केंद्रीय नियम आहे, आणि साखळ्यांची एकूण कामाची क्षमता वजनाच्या निम्म्याहून कमी नको. आपल्या २१,००० पौंडांना साडेदहा हजार. तीन अष्टमांश इंची ग्रेड ७० साखळी एकटी ६,६०० पेलते, म्हणजे चार साखळ्यांत भरपूर झालं. बंपरच्या शॅकलना आणि मागच्या हुकांना बांधा, एक्सलवरच्या पाइपांना नाही. दहा मैलांवर थांबून पुन्हा आवळा, पाटे बसतात आणि साखळी ढिली पडते.

धुराड्याचं तोंड डबा आणि चिकटपट्टी लावून बंद करा. इंजिन बंद, पण पाइपात शिरलेल्या वाऱ्याने टर्बो फिरत राहतो, आणि त्याच्या बेअरिंगला तेव्हा ऑइल नसतं.

तरीही चालवतच आणलात तर

मीही आणलाच. टेक्सारकाना ते ह्यूस्टन, हायवे ५९ने, जवळपास तीनशे मैल. पहिल्या पाच मैलांवर थांबायचं आणि सहाही हबांना हाताचा मागचा भाग लावून बघायचं. कोमट ठीक. हात टेकवत नसेल तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. मग दर पंचवीस मैलांना तेच. मी मार्शलपर्यंत इमानाने थांबलो, मग गाडी छान चाललीय म्हणून थांबणं सोडलं. नाकोग्डोचेसच्या अलीकडे मागून धूर. मधल्या एक्सलचं डावं सील गेलेलं, ग्रीस ब्रेकवर पडून जळत होतं. शनिवारची संध्याकाळ. सील सोमवारी मिळालं. बाबा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

वेग पन्नास मैलांच्या आत ठेवा. इंजिन त्याहून जास्त ओढतं, पण पंधरा वर्षं उभ्या असलेल्या टायरला ते माहीत नसतं. डिझेल गॅलनला सहा मैल धरून चाला. ढगाळ दिवस असेल तर निघू नका, ओल्या रस्त्यावर हे ब्रेक लॉक होतात.

घरी पोचल्यावर

पहिल्या आठवड्यात: सगळ्या एअर टाक्यांचे नळ सोडा, गंजलेलं पाणी निघेल. सगळे फिल्टर बदला. सगळ्या एक्सलचं, बॉक्सचं, ट्रान्सफर केसचं ऑइल काढून बघा. घट्ट आवळलेले स्प्रिंग ब्रेकचे बोल्ट परत सोडून जागेवर अडकवायला विसरू नका. माझा मित्र विसरला. रँचच्या उतारावर हातब्रेक ओढून खाली उतरला आणि ट्रक त्याच्या मागोमाग कुंपणापर्यंत चालत आला.

एसएफ-९७ आला की टेक्सासमध्ये १३०-यू हा फॉर्म भरून काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जायचं. माजी लष्करी वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे, स्वस्तही आहे, पण ती परेड, प्रदर्शन, क्लब अशा कामांसाठी. रोज माती वाहायची असेल तर नेहमीची नोंदणी. काउंटरवरच्या बाईंनी माझा कागद दोनदा उलटसुलट केला आणि रंगाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. गाडी तीन रंगांची आहे. मी हिरवा म्हणालो.